हाताने बनवलेल्या सुरीची मूठ: लाकूड कुठलं, पितळ कुठे आणि पावसाळ्यात काय होतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुरी कुणाला दाखवली की पात्याबद्दल दोन प्रश्न येतात आणि मुठीबद्दल दहा. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाचं सगळं बसून लिहून काढलं. प्रश्न जसे आले जवळपास तसेच ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीचं दोनदा नको म्हणून मध्येमध्ये "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय, ते बघाच, कारण निम्म्या गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत.

१. दादा, तुमचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं. बोल्स्टर, टँग, लायनर म्हणजे नक्की काय?

पात्याचा जो भाग मुठीत जातो तो टँग, मी शेपटी म्हणतो. ती दोन प्रकारची. एक रुंद, अख्ख्या मुठीच्या आकाराची, तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या बसतात आणि पिना आरपार जातात, किचनमधल्या बहुतेक सुऱ्या अशाच असतात. दुसरी बारीक, लाकडात भोक पाडून आत घुसवलेली, विळा-खुरप्याला असते तशी. पातं आणि लाकूड यांच्या मध्ये धातूचा जाड ठोकळा असतो तो बोल्स्टर. बोट घसरून धारेवर जाऊ नये म्हणून आडवा तुकडा असतो तो गार्ड. विळ्याच्या मुठीला तोंडाशी लोखंडाची किंवा पितळेची कडी असते तिला फेरूल म्हणतात, मी कडीच म्हणणार. लायनर म्हणजे शेपटी आणि फळी यांच्या मधला पातळ पत्रा किंवा शीट, बहुतेकदा शोभेला. एवढं पुरे.

२. पहिलीच सुरी बनवतोय. दहा पर्याय नको, एकच लाकूड सांगा.

शिसव. तेही नवीन नाही, जुन्या फर्निचरचं. मोडका पलंग, खुर्चीचा पाय, देव्हाऱ्याची चौकट, जुन्या बाजारात नाहीतर एखाद्या काकांच्या माळ्यावर सापडतंच. ते लाकूड तीसचाळीस वर्षं आपल्याच हवेत वाळलेलं असतं, त्याची जी काय वाकडीतिकडी व्हायची हौस असते ती कधीच फिटलेली असते. शिसव घट्ट आहे, कानशीने छान कापतं, नुसत्या तेलावर चमकतं आणि नवशिक्याच्या हातून एखादी रेघ राहिली तरी गडद रंगात खपून जाते. फक्त त्याची धूळ काही लोकांना अजिबात सोसत नाही (प्रश्न १३), आणि सुरी परदेशी जाणार असेल तर प्रश्न १६ आधी वाचा.

३. घरात सागाचे तुकडे पडलेत, ते का नको?

नको असं कोण म्हणालं? साग पाण्याला भक्कम आहे, फार फुगत-आखडत नाही. दोन तक्रारी आहेत. शिसवापेक्षा मऊ, त्यामुळे बेसिनमध्ये आपटली की मुठीला खड्डे पडतात. आणि आत वाळूसारखा सिलिका असतो, तो हत्याराची धार खातो, ड्रिलचं बिट लवकर बोथट होतं. शिवाय तेलकट, गोंद नीट धरायला हवा असेल तर चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि पुसल्यावर लगेच चिकटवा, तासाभराने आतलं तेल परत वर येतं. हे शिसवालाही लागू आहे.

४. गावाकडे बाभूळ, खैर, चिंच, आंबा, फणस सगळं आहे. यातलं मुठीला काय चालेल?

हा माझा आवडता प्रश्न, कारण लोक ऑनलाइन बाहेरदेशचं आक्रोड शोधत बसतात आणि बांधावर बाभूळ उभी असते.

बाभूळ: आपल्याकडची गाड्यांची चाकं, औतं, हत्यारांचे दांडे याच्यावर पिढ्यानपिढ्या चाललेत. कडक, चिवट, मार सोसतं. गाभा लालसर तपकिरी, तोच घ्यायचा, बाहेरचं पांढरं लाकूड टाकायचं कारण त्याला भुंगा लागतो आणि सहा महिन्यांनी मुठीखाली पिठाचे ढीग दिसतात. एक खोड आहे, बाभळीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर. कार्बन स्टीलच्या (स्टेनलेस नसलेल्या, गंजणाऱ्या) शेपटीला ओल लागली की लाकूड शाईसारखं काळं पडतं. म्हणून शेपटीला सगळीकडून इपॉक्सीचा (अराल्डाइटसारखा दोन भाग मिसळायचा गोंद) हात द्या, भोकाच्या आतसुद्धा.

खैर: त्याहून जड आणि कडक, रंग सुंदर. पण काताचं झाड, चोरटी तोड फार, म्हणून कुठून आलं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. टॅनिनचं बाभळीसारखंच.

चिंच: जुन्या झाडाचा गाभा जांभळट तपकिरी, फार देखणा आणि दगडासारखा. गाभा छोटाच असतो, बाकी सगळं फिकट, त्यामुळे मोठ्या बुंध्यातून हातभर कामाचं निघतं.

धामण: लवचिक. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा असेल तर मनगटाला झटका कमी बसतो. कोयत्याला मस्त. किचनच्या सुरीला मात्र हा गुण वाया जातो आणि दिसायलाही साधं.

अंजन: खानदेश-विदर्भातल्या मंडळींनो, हे तुमच्याकडचं सोनं आहे. आपल्या देशातल्या सगळ्यात जड लाकडांमध्ये गणलं जातं. कानस घसरते, घाम निघतो, पण एकदा पॉलिश झालं की शिंगासारखं दिसतं. छोट्या सुरीला वजन जास्त होतं.

फणस: पिवळाधमक निघतो आणि वर्षा-दोन वर्षांत मधासारखा तपकिरी होतो. वाद्यांना वापरतात तोच. मध्यम कडक, हलक्या सुरीला छान.

आंबा: मऊ, ओल धरतो, नुसता वापरू नका. बुरशीने काळ्या रेघा उमटलेला आंबा फार सुंदर दिसतो पण तो राळ म्हणजे रेझिन भरूनच (प्रश्न ७).

बांबू, नारळ, ताड: ताडाचे काळे रेषे भारी दिसतात. पण रेषे कडक आणि मधलं भुसभुशीत, पॉलिश पेपरने घासताना लाटा पडतात. पहिल्या तीनचार सुऱ्यांनंतर हात घाला.

५. शेतातलंच झाड आहे, फांदी तोडून लगेच मूठ करू का?

दोन वेगळे प्रश्न आहेत यात. पहिला कायद्याचा. आपल्या राज्यात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी ओळखीची झाडं आहेत. झाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचंही आधी विचारून घ्या, एका मुठीपायी कशाला डोक्याला ताप.

दुसरा ओलाव्याचा. ओलं लाकूड वाळताना आखडतं, वाकतं, फाटतं. जाडीला इंचामागे अंदाजे एक वर्ष असा जुना हिशोब आहे. मी फांदी असेल तर आधी उभी चिरतो, पिथ म्हणजे बरोबर मधला मऊ भाग काढून टाकतो (तो ठेवला तर तडा जाणारच), दोन्ही टोकांना ऑइलपेंट नाहीतर मेण फासतो आणि सावलीत वारा लागेल असं ठेवतो. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर किचनचा वजनकाटा घ्या. तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर पंधरा दिवसांनी परत. वजन उतरायचं थांबलं की झालं. फक्त हा हिशोब जुलैत लावू नका, पावसाळ्यात वजन उलटं वाढतं.

६. एप्रिलमध्ये केलेली सुरी, तेव्हा पिना एकदम सपाट होत्या. ऑगस्टमध्ये लाकूड पिनांच्या वर आलंय, हाताला लागतं. माझं काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, धातू नाही. विदर्भातल्या मे महिन्यात वाळलेलं लाकूड कोकणातल्या जुलैत गेलं की त्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांनी सहज बदलू शकतो. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेला हलतं, पंचवीस मिलिमीटर रुंद मुठीत एवढ्या फरकाने पाव ते अर्धा मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण नखाला कागदाइतका उंचवटाही कळतो. उलटंही होतं, दमट हवेत केलेली सुरी नागपूरला गेली की लाकूड आखडतं आणि शेपटीची लोखंडी कड बाहेर येऊन तळहाताला कापल्यासारखी लागते. ही उलटी केस जास्त वाईट, कारण आखडताना लाकडाला पिना अडवतात आणि तडा जातो (प्रश्न १५).

मग करायचं काय. एक, मूठ चढवायच्या आधी लाकूड दोनतीन आठवडे घरातच ठेवा, गच्चीवर नाही आणि एसीतही नाही. दोन, सुरी कुठे राहणार ते गिऱ्हाईकाला विचारा. मी हे विचारतो तेव्हा लोकांना वाटतं गप्पा मारतोय. रत्नागिरीला जाणार असेल तर मी शक्यतो फेब्रुवारी-मार्चच्या कडक कोरड्यात फायनल घासकाम करत नाही. तीन, फळ्या कापताना रेषे मुठीच्या लांबीला समांतर ठेवा, देखणं दिसतं म्हणून तिरके कापू नका. चार, तेलाचे हात भरपूर द्या, त्याने हालचाल थांबत नाही पण हळू होते.

पहिल्या वर्षाने एकदा बारीक पेपर मारून परत सपाट करायचं हे मी सुरी देतानाच सांगून ठेवतो. आणि हे नकोच असेल तर लाकूड सोडा, प्रश्न ८ कडे या.

७. स्टॅबिलाइज्ड लाकूड म्हणजे वॉटरप्रूफ ना?

नाही, पण बरंच जवळ. लाकूड पूर्ण वाळवून व्हॅक्यूममध्ये त्यातली हवा काढतात, तिथे पातळ राळ शिरते, मग साधारण ९० ते ९५ अंशांवर भाजून ती घट्ट करतात. मऊ, भुसभुशीत, बुरशीच्या रेघांच्या लाकडाला याने नवा जन्म मिळतो. शिसव, साग अशा तेलकट आणि घट्ट लाकडात राळ नीट शिरतच नाही, तेव्हा "स्टॅबिलाइज्ड शिसव" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर विचार करा. घरी करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे लाकूड अर्धवट वाळलेलं असतं. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवून वजन थांबेपर्यंत वाळवा, मग गार करा, मगच राळेत टाका, गरम टाकलं तर राळ भांड्यातच जमायला लागते.

८. मायकार्टा, जी-टेन आपल्याकडे मिळतं का? ऑनलाइन भाव बघून चक्कर आली.

मिळतं, वेगळ्या नावाने. मायकार्टा म्हणजे कागद किंवा कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून केलेली शीट, १९१० च्या सुमाराला वेस्टिंगहाउस कंपनीने विजेच्या कामासाठी काढलेली. तीच चीज आपल्याकडे इलेक्ट्रिकलवाले हायलम म्हणून ओळखतात. मुंबईत लोहार चाळीच्या बाजूला, पुण्यात बोहरी आळीच्या आसपास, किंवा जिथे मोटर रिवाइंडिंगचं सामान मिळतं तिथे विचारा. मागताना कापडाची हायलम मागा. कागदाच्या हायलमचे कडेला टवके उडतात. रंग बहुतेक तपकिरी एवढाच, पण वापरून वापरून हाताच्या तेलाने असा काही गडद होतो की बघत राहावं. ओल्या हातात पॉलिश केलेल्यापेक्षा थोडी खरखरीत ठेवलेली हायलम जास्त पकड देते, म्हणून ४०० नंबरच्या पेपरवर थांबा.

जी-टेन म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. ग्लास इपॉक्सी शीट म्हणून मिळते, सर्किट बोर्डची भावंडं. ओल, मीठ, ऊन कशालाच दाद देत नाही. मासे कापणाऱ्यांसाठी मी डोळे मिटून हेच सुचवतो. पण याची धूळ म्हणजे काचेची कुसळं, साधा रुमाल बांधून घासलंत तर तुमच्यासारखे शहाणे तुम्हीच. चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि शक्य असेल तर पाण्याखाली घासा.

९. शिंगाची किंवा सांबरशिंगाची मूठ करून द्याल का?

म्हशीचं शिंग हो, सांबर-चितळाचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि "जंगलात गळून पडलेलंच उचललं" हे त्यात चालत नाही. "आजोबांच्या काळापासून घरात आहे" म्हणून कुणी आणून दिलं तरी मी हात लावत नाही. हस्तिदंताचं तर विचारूच नका.

म्हशीचं शिंग टोकाकडे भरीव आणि मुळाकडे पोकळ. भरीव टोकातून लपलेल्या शेपटीची मूठ होते, पोकळ भाग उकळत्या पाण्यात मऊ करून दाबून सपाट करता येतो. पण शिंगाला आपला जुना आकार आठवतो, पावसाळ्यात फळ्यांची टोकं उचलायला बघतात, म्हणून पिना टोकांच्या जवळ घ्या, मध्येच दोन ठोकून मोकळे होऊ नका. घासताना जळक्या केसांचा वास येतो, बिल्डिंगमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. किडे शिंगही खातात, तेव्हा वर्षानुवर्षं पेटीत बंद ठेवू नका.

उंटाचं किंवा म्हशीचं हाड चालतं. छान पांढरं, पण कोरड्या हवेत तडकतं आणि धूळ फार वाईट.

१०. धातू कुठला घेऊ? पितळ, स्टील, जर्मन सिल्व्हर, तांबं?

पितळ सोपं: कापायला, घासायला, चमकवायला. शिसवाशी रंग जुळतो. एक गोष्ट मात्र फार कमी लोक सांगतात. लेथवर छान सुटावं म्हणून पितळी रॉडमध्ये दोनतीन टक्के शिसं घातलेलं असतं. पिनेला ठीक आहे, पण जो बोल्स्टर रोज टोमॅटो-लिंबाला लागणार तो रॉडमधून कापू नका, पितळी पत्रा किंवा पट्टी घ्या, त्यात सहसा शिसं नसतं, नाहीतर सरळ स्टेनलेस.

स्टेनलेस ३०४ (नेहमीचा ग्रेड) कटकटीचं. ड्रिल हळू फिरवा, दाब जास्त द्या, तेल सोडा. नुसतं घासत राहिलात तर ते जागच्या जागी कडक होतं आणि मग बिटच जातं. खाऱ्या हवेला ३१६ ग्रेडचं घ्या. पिनांसाठी जुगाड: टिग वेल्डिंगच्या स्टेनलेस कांड्या १.६, २.४ आणि ३.२ मिलिमीटरच्या आसपास मिळतात, सरळ आणि स्वस्त.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नाही, तांबं, निकेल आणि जस्त. पितळेपेक्षा उशिरा काळवंडतं, दिसतं एकदम उंची. ज्यांना खोट्या कानातल्यांनी कान सुजतात त्यांना नको, निकेलचाच त्रास असतो तो.

तांबं मऊ आणि चिकट, ड्रिलला लोळतं. रंगासाठी एखादी कडी, बस. पुण्यात असाल तर तांबट आळीत एक चक्कर मारा, ठोक्याच्या तांब्याची कडी कशी दिसते ते बघून या. अ‍ॅल्युमिनियम हलकं पण घासायच्या मशीनचा बेल्ट चोंदतो.

११. बोल्स्टर हवाच का?

नाही. विकणारे सांगतात बॅलन्ससाठी, आणि ते खोटं नाही, पण हिशोब करा. एका बाजूचा तुकडा २५ मिमी उंच, १२ लांब, ६ जाड धरला तर दोन्ही मिळून ३.६ घन सेंटिमीटर. पितळेत ते साधारण ३० ग्रॅम होतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये १० च्या आत. पातळ पात्याच्या भाजीच्या सुरीत ३० ग्रॅम मागे आलं की ती हातात मेल्यासारखी वाटते. जाड कोयत्याला तोच फरक कळतही नाही. बोल्स्टरचा खरा उपयोग म्हणजे लाकडाचं तोंड झाकलं जातं, रेषांच्या कापलेल्या टोकांतूनच पाणी सगळ्यात जास्त शिरतं. बोल्स्टर नको असेल तर फळीच्या पुढच्या तोंडाला चिकटवायच्या आधी पॉलिश करून पातळ इपॉक्सी पाजा. नंतर तिथे पेपर मारायला गेलात की पात्यावर ओरखडे.

१२. पितळ हिरवं-काळं पडतं, आणि त्याच्यामुळे पातंही गंजतं असं ऐकलं. खरं का?

काळं पडणं हा पितळेचा स्वभाव आहे, आईच्या समईला विचारा. हिरवं मात्र पुसत जा, चिंच-कोकम-मीठ लागून तसंच राहिलं की होतं. पितांबरी किंवा चिंचेने घासायचं असेल तर लाकडाला टेप लावा, ती पूड लाकडाच्या छिद्रात बसली की निघत नाही.

गंजाचं खरं आहे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरी. तांबं-पितळ आणि कार्बन स्टीलच्या जोडीत हरतं ते स्टील, आणि नेमकं बोल्स्टरच्या खाली, जिथे दिसत नाही. कोकण-गोव्यात हे जोरात होतं. उपाय साधाच, जोडात कुठेही फट नको, पूर्ण इपॉक्सीने भरा आणि वरून मेणाचा हात. पातं स्टेनलेसचं असेल तर एवढी काळजी नाही.

१३. शिसव घासताना हातावर पुरळ आलं. अ‍ॅलर्जी की योगायोग?

योगायोग नसावा. शिसवाच्या धुळीने कातडी आणि श्वास दोन्हींना त्रास होणारे बरेच आहेत, आणि त्रास दर वेळी वाढत जातो. आंबा, काजूच्या लाकडानेही काहींना होतं. बिब्ब्याचं लाकूड तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, हातभर फोड येतील. मूठ तयार होऊन तेल-मेण चढल्यावर वापरणाऱ्याला सहसा काही होत नाही, त्रास बनवणाऱ्याला. श्वास लागत असेल तर थांबा आणि डॉक्टरकडे जा, मास्क बदलून बघू असं नको.

१४. नुसता अराल्डाइट पुरे का? आमच्या गावचा लोहार तर शेपटी तापवून ठोकतो, गोंद नाहीच.

लोहार बरोबर आहे. लालबुंद शेपटी लाकडात घुसली की जळून नेमका तिच्याच आकाराचा खाचा तयार होतो, तोंडाशी कडी असते म्हणून लाकूड फाटत नाही, आणि ढिली झाली की दगडावर आपटून परत घट्ट. विळा-खुरप्याला याहून सोयीचं काही नाही. जुन्या तलवारींच्या धातूच्या मुठीत शेपटी लाखेने बसवायचे, गरम केली की सुटते, दुरुस्तीला सोपी. पण खाचेत कोळसा राहतो, पाणी शिरतं, म्हणून किचनच्या सुरीला मी हे करत नाही. तापवताना पात्याचं पाणी (कडकपणा) उतरू नये म्हणून लोहार पात्यावर ओलं फडकं गुंडाळतो, हे बघून करायला जाणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

गोंदाचं म्हणाल तर पाच मिनिटांत सुकणारा घेऊ नका, हळू सुकणारा घ्या आणि चोवीस तास हात लावू नका. दोन्ही पृष्ठं ८० नंबरने खरवडा. क्लँप जीव खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काहीच उरत नाही. आणि नंतर बेल्टवर घासताना पिन बोटाला चटका देत असेल तर आत इपॉक्सी मऊ झालाच समजा, सारखी पाण्यात बुडवा. धारेला टेप लावलीय ना? मी एकदा विसरलो होतो, अंगठ्यावर खूण आहे.

१५. पिना किती, केवढ्या? आणि पिनेपाशी तडा गेला तो का?

साध्या सुरीला दोन किंवा तीन, ४ ते ५ मिलिमीटरच्या. फळीच्या टोकापासून निदान १० मिलिमीटर आत. शेपटीतली भोकं पातं कडक करायच्या आधी पाडून ठेवा, नंतर कार्बाइडचं बिट लागतं. आणि भोक पिनेपेक्षा किंचित मोठं, ५ च्या पिनेला ५.१. पिन ठोकून ठोकून घालावी लागली तर तडा आत्ता नाही पण मे महिन्यात नक्की, लाकूड आखडतं आणि पिन हटत नाही (प्रश्न ६). दुसरं कारण म्हणजे रिबीट मारणं. पिनेचं डोकं पसरताना ती भोकाच्या भिंतीवर रेलते. भोकाचं तोंड जरा निमुळतं मोठं करा आणि छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या मारल्यासारखं मारा. हाड, शिंग आणि पातळ शिसवाला रिबीट मारूच नका, पिनेला कानशीने दोनचार खाचा करा म्हणजे गोंद धरतो, तेवढं पुरतं.

तडा बारीक असेल तर पातळ सुपरग्लू सोडून वरून त्याच लाकडाचा भुसा दाबा. आरपार असेल तर फळी बदला, लपवाछपवी टिकत नाही.

१६. बहीण न्यू जर्सीला असते, तिला सुरी पाठवायचीय. ती सगळं डिशवॉशरमध्ये टाकते.

तिला हायलम किंवा जी-टेन, स्टेनलेसच्या पिना, बोल्स्टर नाही. गरम पाणी आणि खारट साबण लाकडातलं तेल काढून घेतात, इपॉक्सी दमतो, पितळ विटतं. तरी सांगून बघा की हाताने धुवायची, धारही राहील.

शिसवाची मूठ सीमेपलीकडे पाठवणं हा वेगळा घोळ. शिसवाच्या सगळ्या भावंडांचा (डालबर्जिया गटाचा) आंतरराष्ट्रीय व्यापार २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, काही सवलती आहेत पण त्या बदलत असतात, तेव्हा कुरियरवाल्याच्या "चालतं हो" वर जाऊ नका, आधी चौकशी करा. रक्तचंदन तर देशातही नको.

१७. मुठीला खोबरेल लावलं तर? घरात तेच आहे.

खोबरेल सुकत नाही. गोडेतेलही नाही, ते चिकट होऊन खवट वास मारतं. कार्बन स्टीलच्या पात्याला पुसायला खोबरेल उत्तम, मुठीला जवसाचं तेल. कच्चं जवस सुकायला आठवडे घेतं. पेंटवाल्याकडचं डबल बॉइल्ड लवकर सुकतं पण त्यात सुकण्यासाठी धातूची रसायनं असतात, पूर्ण सुकेपर्यंत किचनमध्ये नेऊ नका. पातळ हात, पुसून काढा, एक दिवस थांबा, असं पाचसहा वेळा, वर मधमाशीचं मेण. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. लाखेचं पॉलिश दिसतं सुंदर, पण गरम पाणी लागलं की पांढरं पडतं.

१८. आजोबांचा कोयता आहे. मूठ कुजली, कडी शाबूत आहे. ती जुनी कडी नवीन मुठीला बसेल का?

बसते, आणि बसवाच. कडी आकाराला गोल नसते, वापरून दबलेली असते, म्हणून कडीला गोल करायला जाऊ नका, लाकूड कडीप्रमाणे करा. आधी कडीच्या आत खडू फासा, लाकडावर दाबून फिरवा, जिथे खडू लागला तिथे कानस, असं दहावीस वेळा. किंचित घट्ट असतानाच ठोकून बसवा. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर दिवाळीनंतर कडी हातात येईल. कडी आधी बसवायची आणि शेपटी नंतर ठोकायची, उलटं केलंत तर लाकूड फाटेल. बाभूळ किंवा धामण घ्या, शिसव नको, मार सोसत नाही. मुठीचं खालचं टोक जुन्यासारखंच वळवून जाड ठेवा, कोकणात कोयता कमरेच्या आकडीत अडकवतात तेव्हा आणि घामेजल्या हाताने नारळ सोलताना त्या वळणावरच तो अडतो. कुजलेली मूठ फेकू नका, ती पुढ्यात ठेवून माप घ्या. आजोबांचा हात केवढा होता ते तिच्यावरच कळतं.